अंड्यांची पंगत चपलांपाशी

सुंदराबाई आमच्या पातूरकडच्या गावातल्या शाळेत पोषण आहार शिजवते. अकरा वर्षं झाली. तिची खिचडी खाऊन मोठी झालेली पोरं आता ट्रॅक्टर चालवतात आणि रस्त्यात भेटली की तिला 'माय' म्हणतात. शुक्रवारी अंडी असतात. जे अंडं खात नाहीत त्यांना केळं.

दिवाळीनंतर अंडी उरू लागली. मुख्याध्यापक गजेंद्र सर माझ्याकडे आले. "काकाजी, पोरायले अंडं आवडूनच नाही राहिलं. तुमी रंगभूमीवरचे मानूस. काही गंमत करून दाखवा."

रंगभूमी म्हटलं की मी विरघळतो. अकोल्याच्या नाटक कंपनीत चाळीस वर्षं मी कधी राजा झालो, कधी राजाचा हत्ती. गेलो शाळेत. लाल मफलरचा तुरा करून कोंबडी झालो, ओरडलो, फडफडलो, मांडीखालून अंडं काढलं. पोरं लोळून लोळून हसली. मग घंटा झाली आणि सगळी केळ्यांकडे पळाली.

सुंदराबाई हातात झारा घेऊन उभी होती. "कोंबडी झकास झाली, काकाजी. आता पंगत पायजा."

मी पाहिलं. व्हरांड्यात लांबलचक पट्टीवर केळी खाणारे बसले होते. अंडं खाणाऱ्यांची पट्टी वेगळी, नळाकडे, जिथे अख्ख्या शाळेच्या चपला पडलेल्या असतात. त्या पट्टीवर एकटी आकांक्षा. दुसरीतली पोर. ती वजनकाट्यावर उभी राहिली की तपासणीच्या बाई काटाच बिघडला का म्हणून वाकून बघतात. तिच्या ताटात अंडं तसंच.

सुंदराबाई तिच्यापाशी वाकली. "काहून खात नाही वं? घरी त अंड्याचा रस्सा ओरपते."

"इथं बसलं का माही मैतरीण रागिणी माह्याशी बोलत नाही. पोट्टे नाक दाबतेत."

सर जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "दोन-तीन पालकांनी वासाचं सांगतलं. कोनाचं मन दुखू नये म्हनून वेगळं बसवलं, बस."

"कोनाचं मन?" सुंदराबाईचा आवाज शाळेबाहेर गेला. "याच गावात, लग्नाच्या पंगतीत, माह्या बापाले चपला-जोड्यापाशी बसवत. पुंजाजी नाव होतं त्याचं. तो उपाशी उठून येये. आन् तुमी अंड्याच्या नावानं तीच पट्टी पुन्हा हातरली? वरून म्हन्ता, पोरायले आवडत नाही!"

सर काही वाईट माणूस नाही. वादाला भितो, एवढंच. पण भित्र्या माणसाने पोराचं ताट कुठे सरकवलं, ते पाहून माझं डोकं तापलं. त्याहून जास्त संताप माझाच आला. त्या पट्टीसमोर मी तासभर फडफडलो होतो आणि मला चपला दिसल्या नव्हत्या.

पुढच्या शुक्रवारी घंटेआधी सुंदराबाईने चपलांचा ढीग उचलायला घेतला. मीही वाकलो. कंबर कुरकुरली, चार फेऱ्यांत सगळा ढीग सरांच्या खोलीच्या दारात. मग तिने दोन्ही पट्ट्या जोडून एकच केली. अंडी गरम असतानाच पोरांसमोर सोलली, उभी चिरली, वर तिखट-मीठ टाकलं. आकांक्षाला बसवलं रागिणीच्या शेजारी.

"सुंदराबाई," सर दारातून ओरडले, "मले वर कळवा लागंल. काम जाईन तुमचं!"

"कळवा. आधी पोरायले जेवू द्या."

रागिणीने केळं सोलता सोलता विचारलं, "कसं लागते वं?"

आकांक्षाचं तोंड भरलेलं होतं. तिने दुसऱ्या अंड्यासाठी ताट पुढे केलं. तिच्यामागून आणखी सात ताटं पुढे आली.

सर खरंच कागद घेऊन बसले. मी खोलीत गेलो, वाटेतल्या चपला ओलांडत.

"सर, त्यात माझंही नाव टाका. अर्ध्या चपला मी उचलल्या."

पेन थांबलं. बाहेर सुंदराबाई विचारत होती, "अजून कोनाले पायजे?"