जगाची गावकी

१९५८च्या मे महिन्यातला मंगळवार. सकाळी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी बाळाजी नाक्ती चुंबक-वेधशाळेच्या दगडी खोलीबाहेर कोयता, चाव्या आणि छत्री काढून ठेवत होता. आत लोखंडाची सुईही चालत नसे. टांगलेले बारीक चुंबक पृथ्वीच्या चुंबकी ओढीने हलत, ती हालचाल फिरत्या कागदावर उमटे, आणि तो कागद रोज बदलणं हे बाळाजीचं काम. दिवेआगरच्या अलीकडच्या त्या कोंडावर, त्या लहानशा वस्तीत, सरकारी पगार घेणारा तो एकटाच.

आदल्या वर्षापासून साऱ्या देशांनी मिळून पृथ्वी मोजायला घेतली होती. एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत अशाच खोल्या. नेमकं त्याच सुमारास बाळाजीचा थोरला चुलतभाऊ भागोजी याने वेधशाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या आपल्या वाडीसाठी पाणी उपसायचं तेलाचं इंजिन आणलं. रहाटाचा बैल थकला होता आणि खालच्या अंगाला सुपारीची नवी लागवड होती. वेधशाळेच्या साहेबांनी बाळाजीला बोलावून सांगितलं, एवढं लोखंड शेजारी आलं तर मापं बिघडतील. दीड वर्ष थांबायला सांग. कशासाठी, म्हणून विचारलं तर म्हणाले, गावकीचं काम समज, फक्त गावकी जगाची.

बाळाजीला ते पटलं. खाडीचा बांध घालायला घरटी एक माणूस जातो. बांध कोणा एकाचा नसतो. त्याने गावात तसंच सांगितलं. भागोजीने एवढंच विचारलं, की यात कुणाची लढाई नाही ना? बाळाजीने देवीच्या पायरीवर हात ठेवून नाही म्हटलं. त्यापुढे कोंडावर कोणी काही विचारत नाही. इंजिन भागोजीच्या घरच्या पडवीत गोणपाटाखाली गेलं. उन्हाळा आला तशी खालची रोपं माना टाकू लागली.

त्या मंगळवारी साहेबांचे एक वर्गमित्र आले, हवाई दलातले. बाळाजीने शहाळी आणली. साहेबांनी एक उभं धरलं. टाळूवर बोट ठेवून म्हणाले, हा उत्तर ध्रुव. इकडच्या अंगाला अमेरिका, तिकडच्या अंगाला रशिया. बॉम्ब घेऊन निघालेलं विमान टाळूवरूनच जाणार, तीच जवळची वाट. आणि तिथे होकायंत्र भरकटतं.

"म्हणून तर दोघांनाही ही मापं हवीत," साहेब हसले. "अमेरिकेने ग्रीनलंडच्या बर्फात धावपट्टी उगाच नाही बांधली."

पाहुणे गेल्यावर बाळाजीने विचारलं, "साहेब, हे तुम्हांला तेव्हाच ठाऊक होतं?"

"मापं सगळ्यांनाच जातात. पुढे कोण काय करतं, ते आपल्या हातात नाही."

"मी पायरीवर हात ठेवला होता."

"तो ठेव म्हणून मी सांगितलं नव्हतं," साहेब म्हणाले आणि कामाला लागले.

हे बोलणं कोंडावर दुसऱ्या कोणी ऐकलं नव्हतं. बाळाजी गप्प बसता तर ते तिथेच राहिलं असतं. संध्याकाळी तो भागोजीच्या पडवीत गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

भागोजी सुपाऱ्या सोलत होता. हात न थांबवता म्हणाला, "म्हंजे इमानं त्यांची, लढाई त्यांची, आनी रोपं मेली माझी."

"मला ठावं न्हवतं, दादा."

"तुला न्हवतं, ह्ये मला ठावं हाय. पायरीला काय सांगशील?"

मग उठून त्याने गोणपाट ओढलं. इंजिन विहिरीवर न्यायला चौघे लागले. चौथा खांदा बाळाजीचा होता, पण वाटेत त्याच्याशी कोणी बोललं नाही. कुंपणापलीकडून साहेब बघत राहिले. भागोजीला अडवायचा कसलाही हुकूम त्यांच्याकडे कधी नव्हता. होता तो फक्त बाळाजीचा शब्द.

दिवेलागणीनंतर गावकी बसली. आवाज कोणी चढवला नाही. वडीलधारे तुळशीराम एवढंच म्हणाले, की फसला तो माणूस, खोटी झाली ती पायरी. ज्याचं त्याने निस्तरायचं. बाळाजीने मान डोलावली.

उद्या बुधवार. बुधवारी देवीच्या देवळात दिवा लावायची पाळी बाळाजीच्या घराची. उद्या तो दिवा तुळशीरामांची सून लावेल.