सरळ झाडं गावभर पडलीत

चष्मा कपाळावर सारून काकू कुंडीवर वाकायच्या. डाव्या हातातल्या चिमट्याने कॅक्टसला नवीन फुटलेलं एखादं सरळ बोट धरायच्या आणि उजव्या हातातल्या ब्लेडने ते मुळाशी कापायच्या. कापल्या जागी चिमूटभर हळद. तुकडा केराच्या सुपलीत टाकताना वाक्य ठरलेलं होतं, "सरळ झाडं गावभर पडलीत."

बडोद्यात मांजलपूरला आमच्या सोसायटीत त्या माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. आमची ओळख झाली ती ब्लेडमुळे. एका रविवारी त्यांनी माझं दार वाजवलं.

"तू लॅबमध्ये आहेस ना? बारीक धारेचं ब्लेड मिळेल?"

"कशाला?"

"एकाला सरळ होऊ द्यायचं नाहीये."

मी दाराची साखळी काढायला कचरले. तेव्हा त्यांनी मला बोटाच्या खुणेने त्यांच्या खिडकीपाशी नेलं.

तुम्ही कॅक्टस पाहिला असेल, पण असा क्वचितच पाहिला असेल. साध्या कॅक्टसचा वाढता शेंडा म्हणजे एक टोक असतं, म्हणून तो उभा वाढतो. याचं टोक पसरून त्याची रेघ झाली होती. त्यामुळे तो पंख्यासारखा पसरत गेला होता, मग जागा पुरेना म्हणून स्वतःभोवतीच दुमडला होता. कोंबड्याच्या तुऱ्यासारखा, नाहीतर नऊवारीच्या निऱ्या कोणीतरी मुठीत घट्ट धराव्यात तसा. वर सोनेरी काट्यांची लव. अडचण एकच होती. बुडातून अधूनमधून साधी, सरळ बोटं फुटायची. ती भराभर वाढतात, सगळं पोषण ओढून घेतात, आणि वर्षा-दोन वर्षांत तुरा दबून जातो. उरतो तो चारचौघांसारखा कॅक्टस.

"हे कोणी दिलं तुम्हाला?" मी विचारलं.

"देतंय कोण! खंडेराव मार्केटच्या बाहेर रोपवाला कचऱ्यात टाकत होता. म्हणाला, बगडी गयेलुं छे, लई जाव एम ज. फुकट देत होता. म्हटलं, बिघडलेलं आहे की नाही ते मी ठरवीन."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ब्लेड नेऊन दिलं.

काकू रागीट नव्हत्या. फक्त कोणाचं ऐकायच्या नाहीत. झाडाला पाणी किती, हे त्या कुंडी दोन्ही हातांनी उचलून ठरवायच्या. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर नाही. मातीत अर्धा भाग विटांचा चुरा. आणि बडोद्याचा दमट पावसाळा आला की पाणी बंद, टेबलफॅन चालू. फॅनचं तोंड कुंडीकडे, आणि काकू बाजूला पदराने वारा घेत बसलेल्या.

"तुम्हाला उकडत नाही का?"

"मी कुजत नाही. ते कुजतं."

त्यांच्या आजेसासऱ्यांनी संस्थानच्या फौजेत नोकरी केली होती. घरात त्यांची एक तलवार होती, म्यानात गंजून अडकलेली. खंडेनवमीला ती पाटावर ठेवून तिची पूजा व्हायची. काकू तिच्या शेजारी कॅक्टसचं ब्लेड आणि चिमटा मांडायच्या. मुलाने एकदा हरकत घेतली, तर म्हणाल्या, "तलवार म्यानातून निघत नाही. हे रोज चालतं. खरं शस्त्र कोणतं, तूच सांग."

हा मुलगा मनाने चांगला, पण घाबरट. त्या वर्षांत गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघत होते. यानेही नोकरी सोडून फ्लॅटच्या पुढच्या खोलीत क्लास काढला. मशीनना धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर, आणि गरम होऊ नयेत म्हणून एसी. पहिलं वर्ष बरं गेलं. मग आमच्याच रस्त्यावर आणखी तीन क्लास निघाले, आणि याच्या दारातल्या चपला कमी होऊ लागल्या. त्याने वास्तुतज्ज्ञाला बोलावलं.

मी नेमकी साखर मागायला गेले होते, म्हणून सगळं पाहिलं. ते भाई होकायंत्र घेऊन घरभर फिरले आणि काकूंच्या खिडकीशी थांबले.

"माँजी, काटेरी झाड घरात असलं की लक्ष्मी दारातूनच परत जाते."

"शेजारच्या क्लासवाल्याच्या गॅलरीत सहा गुलाब आहेत," काकू म्हणाल्या. "गुलाबाचे काटे तिला दिसत नाहीत का?"

भाईंनी होकायंत्र पुन्हा बघितलं.

मुलगा मात्र ऐकेना. "आई, फेकत नाहीये. नुसतं जिन्यात ठेवतो."

"जिन्यात पावसाची झड येते. आठ दिवसांत कुजेल ते."

"मग देऊन टाकू कोणाला तरी. घर चालायला हवं ना?"

काकू उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं. सुनेने माझ्याकडे एकदा बघितलं आणि साखरेची वाटी हातात दिली.

सकाळी कामाला निघताना दार उघडलं तर जिन्यात स्टुलावर कुंडी, तिच्या शेजारी वेताच्या खुर्चीवर काकू, समोर परातीत निवडायची मेथी. टेबलफॅन कुंडीवर चालू होता. त्याच्या वायरला जोडलेली लांब वायर दारातून आत गेली होती.

वरच्या मजल्यावरच्या बेन खाली उतरत होत्या. "केम काकी, बहार बेठां छो?"

"वास्तू चाललीय," काकू म्हणाल्या. "काटेरी वस्तू बाहेर काढायला सांगितल्यात."

बेन हसत खाली गेल्या आणि दुपारपर्यंत सगळ्या सोसायटीला कळलं.

काकू दिवसभर तिथेच होत्या. जेवण तिथे, चहा तिथे. चहा सून आणून द्यायची, दोन बिस्किटांसकट. क्लासची मुलं काकूंच्या पायाशी चपला काढायची आणि आत जायची. एका मुलीच्या वडिलांनी चौकशी केली, तर काकूंनी क्लासचं मनापासून कौतुक केलं. मग म्हणाल्या, "मुलगी तुमची फार टोकदार नाही ना? इथे बाहेर ठेवतात."

पण खरी गंमत वायरची होती. ती दारात असल्याने दार लागत नव्हतं. दार लागत नाही म्हणून एसीचा गारवा सगळा जिन्यात. आत मुलं घामाघूम, मशीन तापलेली. बाहेर काकू आणि कॅक्टस गार हवेत.

"आई, वायर काढ," मुलगा म्हणाला.

"फॅन बंद झाला तर ते मरेल."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. मी कुठे लपलेय?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून परतले तेव्हा मुलगा कुंडी उचलत होता. नीट धरायचं कधी शिकला नव्हता, त्यामुळे तळव्यात काटे भरले. कुंडी पुन्हा आत खिडकीत ठेवून तो माझ्या दारात हात पसरून उभा राहिला. मी चिमट्याने काटे काढत होते, तेवढ्यात काकू आल्या. त्यांनी माझ्या हातातला चिमटा घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि एकेक काटा स्वतः काढला. शेवटी हळद लावली. क्लास पुढे बंद झाला आणि त्याला एका औषध कंपनीत बरी नोकरी लागली. कॅक्टस तेव्हा खिडकीतच होता.

काकू काही वर्षांनी गेल्या. हृदय बंद पडलं, आणि तेही कोणाला न विचारता.

मुलाने त्यांची खोली होती तशी ठेवली. मी वर्षभराने काही कामाने आत गेले, तर कॅक्टसपुढे उदबत्तीची राख, बुडाला कुंकू. आणि बुडातून सरळ, जाड, तजेलदार बोटं फुटलेली, एकमेकांना खेटून. त्यांच्या आड तुरा सुकत चालला होता.

"कोणी कापलं नाही?" मी विचारलं.

"आईचं झाड आहे, ताई. मी कोणाला हात लावू देत नाही." त्याचा आवाज जरा अभिमानाचा होता. "बघा ना, किती छान वाढलंय."

मी घरी जाऊन लॅबचं ब्लेड आणलं. पहिलं बोट धरलं तसा त्याने माझं मनगट पकडलं.

"आईच्या झाडाला ब्लेड लावताय?"

"आईचं झाड ते मागचं. पुढे दिसतंय ते रोपवाल्याकडे कोणालाही मिळतं."

त्याने वाकून बोटांच्या मागचा तुरा पाहिला. मग मनगट सोडलं आणि हळदीचा डबा आणायला गेला. मी कापत गेले, तो हळद लावत गेला. शेवटचं बोट उरलं तेव्हा म्हणाला, "एवढं एक राहू दे? आठवण म्हणून?"

मी ब्लेड त्याच्यापुढे धरलं.

त्याने चष्मा कपाळावर सारला. बोट मुळाशी कापलं. तुकडा सुपलीत टाकताना ओठ हलले. मी ऐकायला थांबले नाही, मला ड्यूटीवर जायचं होतं.

या पावसाळ्यात एका दुपारी स्कूटर लावताना मी वर बघितलं. मुलगा-सून दोघंही कामावर, घराला कुलूप. काकूंच्या खिडकीत टेबलफॅन चालू होता. रिकाम्या खोलीत, कुंडीकडे तोंड करून.