शाई वाळवणाऱ्या ललिताताई

आमच्या गंगापूर रोडवरच्या वाचनालयात ललिताताई नेमकं काय काम करतात, हे विचारायचं कधी कुणाला सुचलंच नाही. त्या वरच्या मजल्यावर बसत आणि परत आलेलं प्रत्येक पुस्तक त्यांच्याकडे जाऊन मगच कपाटात लागे. नव्या ग्रंथपाल योगिनी मॅडमना मात्र नको ते विचारायची भारी हौस. परत आलेलं पुस्तक कपाटापर्यंत पोचताना कुठे कुठे हिंडतं, ते त्यांनी आम्हाला भिंतीवर टाचण्या आणि लोकर लावून दाखवायला सांगितलं. काउंटर माझं, म्हणून पहिली टाचणी माझी. तिथून निघालेली लोकर जिना चढली, ललिताताईंच्या टेबलाला वळसा घालून खाली उतरली आणि माझ्याच पाठीमागच्या कपाटाशी थांबली.

"पुस्तक वर कशाला जातं?" मॅडमनी विचारलं.

"वाळायला," मी म्हणालो आणि माझं मलाच हसू फुटलं.

पूर्वी पुस्तक परत घेताना मारलेल्या तारखेच्या शिक्क्याची शाई ओली राहायची, शेवटचं पान बरबटायचं आणि पंखा फक्त वर होता. पुढे शाई बदलली, पंखा जळाला, तरी पुस्तकं आपली जिना चढतच राहिली. ललिताताई शेवटचं पान उघडून पुठ्ठ्याने वारा घालत राहिल्या, तोही वाळलेल्या शाईला. आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. मॅडमना तर खुर्ची शोधावी लागली.

ललिताताई हसल्या नाहीत. "मंग आता माझी टाचणी काढणार का?" त्यांनी विचारलं. वणीहून रोज एसटीने येणारी ही बाई, घर तिच्या एकटीच्या पगारावर. आमचं हसू जागच्या जागी जिरलं.

मॅडमनी ती टाचणी उपटली आणि माझ्या टाचणीशेजारी खोचली. "उद्यापासून काउंटरवर बसायचं. वाचकांना पुस्तकं तुम्ही सुचवायची."

झालं कल्याण, मी मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहिल्याच वाचकाने रहस्यकथा मागितली.

"ही घ्या, लय भारी हाय. शेवटी डॉक्टरच खुनी निघतो."

त्याने ती खाली ठेवली, तर ताईंनी दुसरी पुढे केली. "मंग ही घ्या. यात वहिनी."

मी कपाळाला हात लावला. वारा घालता घालता या बाईने अख्ख्या वाचनालयाची फक्त शेवटची पानं वाचून काढली होती.

दुपारी जयराम सर आले. निवृत्त मास्तर, नेहमी गप्पा मारणारे, त्या दिवशी थेट मुद्द्यावर. "हिला दवाखान्यात ठेवलंय," ते म्हणाले. "रोज थोडं वाचून दाखवीन म्हणतो. फक्त शेवट वाईट नको."

मी कपाटाकडे वळेपर्यंत ताईंनी एक कादंबरी काढलीसुद्धा. "ही न्या, सर. यात शेवटी समदी घरी येतात."

सरांनी ती उघडूनही पाहिली नाही, तशीच छातीशी धरून नेली.

संध्याकाळी ताईंनी त्याच कादंबरीची दुसरी प्रत स्वतःच्या नावावर मागितली. मी शिक्का मारला, त्यांनी सवयीने त्यावर फुंकर घातली.

"शेवट तर पाठ आहे की तुम्हाला," मी चिडवलं.

"हाय ना," म्हणत त्यांनी पहिलं पान उघडलं. "पन ती समदी गेली कुठं व्हती, ते बघते."