उदगीरच्या पंक्तीत सापडलेला हेर

"एकटीच चालली, माय. नवऱ्याशी भांडून निघाली का काय?"

मागच्या सीटवरच्या बाई शेजारणीच्या कानात बोलल्या, पण अर्ध्या बसला ऐकू गेलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. नांदेड मागे पडलं, नायगाव गेलं, सोयाबीन काढलेली रानं सुरू झाली. मांडीवरची वही मी चौथ्यांदा उघडून मिटली.

वहीत माझी इंग्रजी कादंबरी होती. इंग्लंडात वेड्या राजाच्या जागी युवराज कारभार बघत होता, त्या काळातली. नाचाच्या मैफली, कोपरापर्यंतचे हातमोजे, आणि युद्धात हेर म्हणून दख्खनला पाठवलेला कॅप्टन एडवर्ड. त्याची आई हैदराबादची, म्हणून रंग खपून जातो. लिंगायत व्यापारी बनून तो उदगीरच्या एका घरात राहतो आणि किल्ल्याचा नकाशा गळ्यातल्या चांदीच्या डबीत लपवतो. मी असलं काही लिहिते हे घरी कुणालाच माहीत नव्हतं. सोमवारी ते प्रकाशकाला पाठवायचं होतं. त्याआधी किल्ला डोळ्यांनी बघायचा, एवढंच ठरवलं होतं.

उदगीरला उतरताना मागच्या बाईंनी गाठलंच. नाव महादेवीकाकू.

"कुणाकडं आलीस?"

"कुणाकडे नाही. किल्ला बघायचाय."

"बघ की. पण जेवायला आमच्याकडं. मोंढ्यामागं (धान्यबाजारामागे) घर हाय, कुणालाबी विचार."

किल्ल्यात माझं मन लागेना. खंदक पाहिला, तटावर चढले, उतरले, पुन्हा चढले. एडवर्ड कुठून पळेल ते काही केल्या दिसत नव्हतं. उन्हाने डोकं दुखायला लागलं तेव्हा मोंढ्याची वाट धरली.

काकूंचे यजमान अप्पा नुकतेच आडतीच्या दुकानावरून आले होते. ताटात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही आणि हुग्गी (गव्हाची खीर). मी भाकरीचा तुकडा मोडला आणि थबकले. कुणीच जेवत नव्हतं. दोघांनी गळ्यातली डबी उघडून इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं होतं. डोळे मिटलेले; जेवणाआधीची लिंगपूजा चालली होती.

माझा एडवर्ड अशा घरात अकरा दिवस राहतो. रोज दोन वेळा जेवतो.

"काकू," त्यांनी डोळे उघडल्यावर मी विचारलं, "डबीत लिंगाऐवजी कुणी कागद ठेवला तर?"

"पहिल्याच ताटाला सापडंल मेला!" काकू हसल्या.

अप्पा हसले नाहीत. "असलं कशाला विचारायलीस?"

"एका मैत्रिणीच्या पुस्तकात आहे. लिंगायत घरात राहिलेल्या हेराची गोष्ट."

"खोडून टाक म्हणावं तिला. ही डबी चोरीचा माल ठेवायला न्हाई."

"थांबा हो," काकू म्हणाल्या. "त्या घरात पोरगी हाय का?"

"आहे."

"मग तिनंच बघितलं असंल. वाढणारीला समदं दिसतंय. बापाला सांगती का मग?"

माझ्या कादंबरीत ती मुलगी फक्त दार उघडायची. मला बसवेना. हात आपोआप पिशवीतल्या वहीकडे गेला. अप्पांची नजरही तिकडेच गेली.

"खरं सांग बाळा, हे लिहायलंय कोण?"

मैत्रिणीचं एखादं नाव सांगितलं असतं तर सुटले असते. तोंडात नावही आलं होतं.

"मीच लिहितेय, अप्पा," मी म्हणाले. "आणि ती बापाला सांगणार नाही. पण तो खरं बोलेपर्यंत त्याच्या ताटात वाढणारही नाही."