डावीकडून दबलेली सीट

मी भातकुलीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. भूत हा विषय आमच्या अभ्यासक्रमात नाही आणि माझ्या डोक्यातही कधी नव्हता. अंगात आलेल्या बाईला "आधी बीपी तपासा" म्हणून सांगणारा आणि त्यापायी गावच्या शिव्या खाणारा माणूस मी. तेव्हा पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा... तुमच्या जागी मीही हसलो असतो.

सुरुवात माझ्या पॅन्टपासून झाली. मोटरसायकलच्या सीटचं कव्हर फाटलं होतं. गाडी धुतली की आतला फोम पाणी पिऊन बसायचा आणि मी बसलो की ते सगळं मला परत करायचा. मग शाळेत मी फळ्याकडे वळलो की वर्ग खुसखुसायचा. मला वाटायचं, पोरांना गुरुत्वाकर्षण आवडायला लागलं!

शेवटी अमरावतीत एका सीटवाल्याकडे गाडी नेली. त्यानं कव्हर उचकटायच्या आधीच सीट दाबून पाहिली.

"सर, कव्हर तं बदलतोच, पण फोम पार गेला हाये. नवा टाकू काय?"

"टाक ना बे! सगळं नवं कर," असं ऐटीत सांगून मी गिला वडा खायला गेलो.

परत आलो तर सीट चकाचक. आणि जुना फोम खाली मातीत पडलेला. इतकी वर्षं त्याच्यावर बसलो, पण उघडा मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. पुढे माझा खड्डा – पसरट, बेशिस्त, मालकासारखाच. आणि मागे, डाव्या कडेला, आणखी एक. लहानसा, खोल, नीटनेटका.

वनिताचा. माझ्या बायकोचा.

ती कायम एका बाजूनं बसायची, दोन्ही पाय डावीकडे, उजवा हात माझ्या खांद्यावर. तीन वर्षं झाली तिला जाऊन. साड्या तिच्या बहिणींनी नेल्या, भांडी होती तिथंच आहेत, फोटो भिंतीवर आहे. पण ती बसायची ती जागा माझ्या पाठीमागे वीतभर अंतरावर होती आणि मला कळलं कधी, तर ती फेकून दिल्यावर.

"हाच परत बसवून दे," मी म्हणालो.

"पागल झाले काय सर? त्याच्यात काई राह्यलं नाई आता."

मी तो फोम टाकीवर धरून घरी आणला. ओला होता म्हणून गच्चीवर वाळत घातला. वऱ्हाडातलं ऊन, कुजलेला फोम आणि विज्ञानाचा शिक्षक... तिघांत अक्कल कोणालाच नव्हती. दोनेक दिवसांत त्याचा पिवळा भुगा झाला आणि वाऱ्यानं शेजारच्या काकूंच्या कुरडयांवर जाऊन बसला. काकू जे बोलल्या ते इथं छापता येणार नाही. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. रडू कशाचं येत होतं, ते त्यांना सांगता येईना.

त्याच आठवड्यात सासूबाईंचा अकोल्याहून फोन आला. "जवाईबुवा, कैऱ्या उतरवल्या. लोणच्यापुरत्या घेऊन जा." रविवारी सकाळी निघालो.

बडनेरा मागे पडलं आणि गाडी जड झाली. बायको एका बाजूनं बसली की हँडल किंचित उजवीकडे धरावं लागतं – ज्यांनी धरलंय त्यांना कळेल. माझ्या हातांनी ते धरलं, डोक्याच्या आधी. मला वाटलं पंक्चर. एका लिंबाखाली थांबलो, टायर दाबले. दगडासारखे कडक.

मग सीटकडे पाहिलं. मागे डावीकडे कव्हर खाली गेलेलं, कडेनं ताणलेलं... कुणीतरी बसल्यासारखं. बाजूला बोटानं दाबून पाहिलं तर नवा फोम कडक. शास्त्रज्ञ जागा झाला. पाण्याची बाटली आडवी ठेवली. ती घरंगळत डावीकडे गेली आणि त्या खळग्यात जाऊन थांबली. उचलून मधे ठेवली, पुन्हा तिथंच.

सीटवाल्याला फोन लावला. म्हणाला, "गरमीनं बसला असंन सर. गॅरंटी हाये, आना, बदलून देतो."

"बदलू नको रे बाप्पा!" मी रस्त्यात इतका ओरडलो, की शेजारून जाणारा सायकलवाला उतरला.

पुढे अकोल्यापर्यंत मी प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडी अशी सांभाळून नेली, जशी ती जिवंत असताना कधी नेली नाही. सासूबाईंच्या दारात उतरलो, मागे वळून पाहिलं... सीट सपाट. परतीच्या वाटेवरही सपाट. गाडी हलकी, नकोशी हलकी.

पुढच्या रविवारी कैऱ्यांची रिकामी पिशवी परत करायचं निमित्त काढून पुन्हा निघालो. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. काही नाही. दर दहा मिनिटांनी थांबून बाटली आडवी ठेवणारा माणूस लोकांना कसा दिसला असेल, ते सोडा. बोरगाव मंजूजवळ आलो आणि एकदम डोक्यात आलं – ती सीटवर असेल कशी? ती तर गेल्या रविवारी माहेरी उतरली!

आमच्याकडे बाई माहेरी गेली की नवऱ्यानं जाऊन आणायची असते. वनिता तर या बाबतीत फार कडक. एसटी दारासमोरून जायची, पण मी न्यायला गेल्याशिवाय ती पिशवी भरायची नाही. आणि मी गेल्या रविवारी तिला तशीच सोडून, कैऱ्या घेऊन आलो होतो!

सासूबाई अंगणात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसल्या होत्या. भाजीचा धंदा त्यांचा, ऐंशीकडे झुकल्या तरी सुटलेला नाही.

"पिशवीसाठी काहून आले एवढ्या उन्हात?" त्या म्हणाल्या.

मी पाणी प्यायलो. चहा प्यायलो. आभाळाकडे पाहिलं. शेवटी जमिनीकडे बघत म्हणालो, "आई... मी न्यायले आलो."

कोणाले, असं त्यांनी विचारलं नाही. दोरा गुंडाळणारे हात थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आठच दिवस तं झाले, जवाईबुवा. राहू द्या ना तिले अजून."

मी रिकामा कप बाजूला सरकवला.

"मले गेल्या रविवारपासून झोप लागून राहिली. लय दिवसानं."

आता मला हवी होती हो ती. माझ्या पाठीमागे, खांद्यावर हात ठेवून, परतीचे सगळे मैल हवी होती. पण त्या म्हातारीचं तोंड पाहिलं आणि मी म्हणालो, "राहू द्या मंग, आई."

त्यांनी सांबाराची एक जुडी पिशवीत घातली. मी एकटाच परत आलो. मागे पाहिलं नाही असं सांगेन तर खोटं होईल.

सीट आजही सपाट आहे. फोम, ऊन, हवेचा दाब, सगळं लावून पाहिलं, उत्तर जुळत नाही. तुमच्यापैकी कुणाला जुळलं तर जरूर कळवा. मला मात्र आता उत्तरापेक्षा सासूबाईंच्या फोनची वाट आहे. "या न्यायले," असं त्या अजून म्हणालेल्या नाहीत.