दुसरी खुर्ची

शकुंतलाबाई बेंबळीजवळच्या आमच्या गावी शाळेवर रुजू झाल्या, तेव्हा मी सातवीत होते. तोवर शाळेचा रिवाज असा, की मुलींनी वर्ग झाडायचे, पाणी भरायचं आणि मुलांनी घंटा द्यायची. बाईंनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या पाळ्या लावल्या. रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारून घंटा देणारी गावातली पहिली मुलगी मी. इतक्या जोरात मारली, की गुरुजी मंडळी चहा टाकून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील तणतणत आले. "आमचं पोरगं काय झाडायला पाठवलंय व्हय?" बाई शांतपणे म्हणाल्या, "नुसतं झाडायला न्हाय. पण झाडायलाबी."

बाई आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. या अंकाच्या संपादकांनी मला त्यांच्या 'विचारांवर' लिहायला सांगितलं आहे. पण बाईंचे विचार एका कपाटात आणि वागणं दुसऱ्या कपाटात, असं कधी नव्हतंच. स्त्रीवाद हा शब्द मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकला. बघायला आलेल्या स्थळांना त्या विचारत, "स्वयंपाक येतो का तुम्हाला?" परत कुणी आलं नाही. बाईंनी लग्नाचा विषय तिथंच मिटवला.

राजकारणातही त्यांनी हेच माप लावलं. निवृत्तीनंतर एका पक्षाच्या महिला आघाडीत त्या गेल्या. समतेवर भाषणं झाली, मग पंगती बसल्या आणि बायकांना वाढायला उभं केलं. बाईंनी आपलं ताट घेतलं आणि पुरुषांच्या पंगतीत जाऊन बसल्या. पुन्हा निरोप आला नाही. विरोधी पक्षानं मोठ्या कौतुकानं बोलावलं, तिथंही पंगत तशीच निघाली. ज्याच्या घरात बाई शेवटी जेवते, त्याच्या जाहीरनाम्यात ती पहिली कशी येईल, असं बाई म्हणत. त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांना त्या नकोशा झाल्या.

बायकांचं तरी काय वेगळं होतं? विधवांना बोलावणार असाल तरच हळदीकुंकवाला येईन, ही बाईंची अट. आम्हाला सोपा मार्ग सापडला. आम्ही बाईंनाच बोलावणं बंद केलं. संक्रांतीला गल्लीतून बायकांचे घोळके जायचे आणि बाई दारात पुस्तक वाचत बसलेल्या असायच्या.

त्यांच्या पुढच्या खोलीत दोन लाकडी खुर्च्या होत्या. एक त्यांची, एक येणारीची. घरी सतरंजीवर बसायची सवय असलेल्या आम्हा बायकांना त्या हाताला धरून खुर्चीवर बसवत. सुरुवातीला मी तिथं खुर्चीच्या कडेवरच टेकायचे.

आता जे लिहायचं आहे, त्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. राखीव जागेवरून मी सरपंच झाले. ग्रामसभेत खुर्चीवर आमचे मालक बसत आणि मी बायकांबरोबर खाली. एका सभेत बाई उभ्या राहिल्या. "सरपंच कोण हाय? जी हाय, तिनं खुर्चीवर बसावं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मालकांचा चेहरा पडला. मला बाईंचा भयंकर राग आला आणि मी उठून बोलले, "बाई, तुमाला संसार न्हाय. तुमाला काय कळतंय?"

सभा हसली. बाईंनी पिशवी उचलली आणि त्या निघून गेल्या.

ते वाक्य मला जगू देईना. पुढच्या सभेआधी मी मालकांना म्हटलं, "आज मी बसते." ते उठले, पण चार दिवस फुगून होते. उरलेली मुदत मी त्या खुर्चीवर बसून काम केलं. बाई मात्र पुन्हा सभेला आल्या नाहीत. थोड्याच दिवसांत गाव सोडून त्या तेरला भाड्यानं राहायला गेल्या. मी खुर्चीवर बसले, हे मी त्यांना कधी कळवलं नाही. कोणत्या तोंडानं कळवणार होते?

या लेखाच्या निमित्तानं गेल्या महिन्यात तेरला गेले. बाईंनी दार उघडलं, मला ओळखलं, "ये गं" म्हणाल्या. खोली स्वच्छ होती. दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा ढीग होता, पार हातांच्या वर आलेला. तिथं बऱ्याच दिवसांत कुणी बसलं नव्हतं, हे सांगायला नको. बाई वाकून ढीग उचलायला लागल्या, तेवढ्यात शरमेनं म्हणा, सवयीनं म्हणा, मी खाली चटईवर बसले.

बाई थांबल्या. "अजून खालीच का गं?" एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

चहा पिऊन एसटीनं परत आले.

बाई, मी चारचौघांत बोलले होते, म्हणून चारचौघांतच सांगते. त्या दिवशी मी चुकले. तुम्हाला कळत होतं, मलाच कळत नव्हतं. तुमच्या त्या एका वाक्यानं मी खुर्चीवर बसले आणि त्याची किंमत तुम्ही एकटीनं मोजली. तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, गुडघे धड राहोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो. आणि तेवढी वर्तमानपत्रं उचलून ठेवा. रविवारी येते. माफी खुर्चीवर बसून मागायची आहे.