मावशीचं जोडपान

आमच्या मावशीला अख्खी गल्ली ‘चिकटमावशी’ म्हणायची. डिंकामुळे म्हणतात, असा तिचा समज. तो मी कधी मोडला नाही.

लोक खोकी भरभरून फोटो आणून टाकायचे आणि मावशी त्यांची स्क्रॅपबुकं करून द्यायची. रस्त्याकडच्या खोलीत लांब टेबल, त्यावर कात्र्या, पट्टी, रंगीत कागदांचे गठ्ठे. मी भाची, म्हणजे बोलणी खायला हक्काचं माणूस. “अगं, पानावर एकच फोटो मोठा ठेव, सगळेच ओरडायला लागले तर ऐकायचं कुणाचं?” “मागचा कागद फोटोतल्याच कुणाच्या तरी कपड्यांच्या रंगाचा घे, मनाचे रंग उधळू नकोस!” फोटो आधी नुसते मांडायचे, स्टुलावर चढून डोळे बारीक करून वरून बघायचं, मगच डिंक. साठीची बाई स्टुलावर चढली की गिऱ्हाइकंच धावत येऊन स्टूल धरायची.

एका गोष्टीत मात्र ती कुणाचं ऐकायची नाही. कुणाचाही चेहरा पानाबाहेर वळलेला नको. उजवीकडे बघणारा माणूस डाव्या कडेला लावायचा, डावीकडे बघणारा उजव्या. पान देखणं दिसावं म्हणून हे कुणीही सांगेल. मावशी म्हणायची, “बाहेर बघणारं माणूस बाहेर जातं.” एका मास्तरीणबाईंनी हट्टानं मुलाचा फोटो बाहेर तोंड करून लावून घेतला. पंधरा दिवसांत मुलगा चपला घालून गेला, तो गेलाच. मी म्हटलं, योगायोग. पण त्या बाई परत आल्या तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन बसले.

संगणकावर बटण दाबलं की फोटो उलटा छापता येतो, उजवीकडचा माणूस डावीकडे बघायला लागतो. मावशी ते कधीच करू द्यायची नाही. “जागा बदल, पान बदल. माणूस बदलायचा नाही.”

इतरांची शेकडो पुस्तकं केली, स्वतःचं एकही नाही. काका, म्हणजे तिचा नवरा, बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करून बाहेर पडले आणि परतले नाहीत. भांडण नाही, चिठ्ठी नाही. दारात पाऊल वाजलं की मावशीची कात्री अजून थांबायची. मला त्या काकांचा असा राग यायचा!

साठाव्या वाढदिवसाला मी तिच्यासाठी गुपचूप जोडपान केलं, म्हणजे समोरासमोरची दोन पानं मिळून एक. डावीकडे ती, उजवीकडे काका. तिचा फोटो उजवीकडे बघणारा, झकास. काकांचा एकच फोटो हाताला लागला, तोही मेला उजवीकडेच बघणारा. जागांची अदलाबदल करावी तर मावशी बाहेर बघणार, आणि ते माझ्यानं होईना. शेवटी दाबलं बटण. काका उलटे छापले आणि चिकटवले. मावशीनं पान दोन्ही हातांनी जवळ घेतलं. “छान झालंय गं,” म्हणाली. उलटं छापलंय, हे मी बोलले नाही.

आठव्या दिवशी, भर दुपारी, काका दारात उभे राहिले.

केस पांढरे, बाकी तेच. मावशी रडली, हसली, चहा ठेवला. काकांनी कप डाव्या हातानं उचलला. गालावरचा तीळ दुसऱ्या गालावर होता. शर्टाचा खिसा उजवीकडे. इतकी वर्षं कुठं होतात, विचारलं तर नुसते गोड हसले. मग वर्तमानपत्र घेऊन आरशासमोर उभे राहिले आणि आरशात बघून वाचायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला सगळं सांगून टाकलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मिठी मारली तेव्हाच कळलं,” ती म्हणाली. “ठोके उजवीकडे होते.”

“मी पान फाडून टाकते.”

“फाडलंस तर तोंड बघणार नाही तुझं. परत जाईल तो.” आणि हळूच म्हणाली, “तो बघतो गं माझ्याकडे, पण जरा चुकून बघतो. कानाच्या बाजूला. माझा डावीकडे बघणारा फोटो आहे ना, तो उलटा छाप. माझ्या जागी लाव.”

“वेडी झालीस का तू? मावशी, मी काय करू मग? मला कोण आहे तुझ्याशिवाय?”

“बावीस वर्षं वाट बघितली मी,” ती म्हणाली. मी हात जोडले, रडले, संगणकाची वायर उपटून घरी नेली. तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून फोटो छापून आणला, स्टुलावर चढून डोळे बारीक करून बघितलं आणि चिकटवला. हे मला शेजारीणबाईंनी सांगितलं.

चार दिवसांनी राग गिळून मी गेले. आतून दोघांचं हसणं ऐकू येत होतं. इतकं मोकळं हसताना मी मावशीला कधी ऐकलं नव्हतं, आणि देवाशपथ, क्षणभर मला बरंच वाटलं. तेवढ्यात ती बाहेर आली. कात्री डाव्या हातात. माझ्या कानाच्या बाजूला बघत, गिऱ्हाइकांशी बोलायची तशी गोड आवाजात म्हणाली, “या ना, बसा. फोटो आणलेत?”